नोंदणी संपायच्या साठ दिवस आधी

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घरच्या गाडीच्या आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो पाठवला तेव्हा इकडे थायलंडमध्ये रायोंगला रात्रीचे साडेदहा झाले होते. म्हणजे नाशिकला नऊ, त्यांची बातम्या संपवून अंथरुणाला पाठ टेकायची वेळ. फोटोत अर्धा अंगठा आला होता, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. नोंदणी वैध 20 ऑक्टोबर 2025 पर्यंत. मी कॅलेंडर उघडलं. 20 ऑक्टोबर म्हणजे नरकचतुर्दशी, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. आणि मी नेमकी दिवाळीचीच रजा टाकायच्या बेतात होते.

हा फोटो मी मागितला त्याला कारण इकडची गाडी. थायलंडमध्ये गाडीचा कर दर वर्षी भरावा लागतो. माझ्या गाडीची मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीला संपत होती, पण इकडे नव्वद दिवस आधीपासून कर भरून घेतात. त्यामुळे जूनमध्येच ते काम हातावेगळं केलं. गाडीला सात वर्षं उलटून गेली आहेत, म्हणून आधी रस्त्यावरच्या एका तपासणी केंद्रात नेली. ब्रेक, दिवे, धूर बघून त्यांनी दाखला दिला, 200 बाथ घेतले. मग सक्तीचा विमा काढला, साध्या मोटारीला तो 645 बाथला पडतो. आणि मग परिवहन खात्याच्या खिडकीशी गाडी उभी करून गाडीचं निळं पुस्तक आत दिलं. गाडीतून उतरायचीही गरज पडली नाही. काचेला लावायचा नवा चौकोनी कागद हातात आला, आणि पुढचं वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजलं, म्हणजे लवकर भरल्याने एक दिवसही वाया गेला नाही. तो कागद काचेला चिकटवता चिकटवता एकदम मनात आलं, घरच्या गाडीचं काय?

आपल्याकडे खासगी गाडीचा कर घेतानाच एकरकमी भरला जातो आणि नोंदणी पंधरा वर्षांची मिळते. म्हणून कुणाला त्याची आठवण राहत नाही. विम्याची आठवण विमा कंपनी करून देते, पीयूसी पेट्रोल पंपावर दिसते, पण आरसीवरची तारीख पाकिटात निवांत पडून असते. आमची गाडी 2010 च्या दसऱ्याला घरी आली. सातपूरला माझी पहिली नोकरी लागली होती, पगारातून हप्ता बसेल असा हिशेब करून घेतलेली ती पांढरी पेट्रोल गाडी. नाव माझं, पण मी इकडे आल्यापासून चालवतात अण्णा. वय चौऱ्याहत्तर. आईला दर पंधरा दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, बाजार आणायचा, पावसाळ्यात मावशीकडे सिडकोत जायचं, सगळं त्या गाडीवर. ती गाडी बंद पडली तर त्या दोघांचं बाहेर पडणंच बंद होतं. तिची नोंदणी संपली असती तरी अण्णांनी ती चालवलीच असती, कारण त्यांना कळलंच नसतं. मला भीती होती ती याचीच.

दंड होईल ही त्यातली लहान भीती. मोठी भीती विम्याची. हप्ता वेळेवर भरलेला असला तरी नोंदणीच वैध नसेल तर दावा अडू शकतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका गाडीच्या चोरीचा दावा फेटाळणं योग्य ठरवलं होतं. तो निकाल मी त्या रात्री वाचला आणि मग झोप काही लागली नाही. अण्णांच्या हातून कुणाला लागलं आणि विमा कंपनीने कागदावर बोट ठेवलं तर त्या वयात ते काय करतील, हेच डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नियम नीट वाचून काढले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. त्यासाठीचा अर्ज म्हणजे नमुना 25. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 52 सांगतो की हा अर्ज मुदत संपायच्या साठ दिवसांच्या आत करायचा, त्याआधी नाही. परदेशात राहणाऱ्यांनी सगळ्यात आधी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत आलोच आहोत तर उरकून टाकू, असं ऑक्टोबरच्या मुदतीला करता येत नाही. 20 ऑक्टोबरच्या मागे साठ दिवस मोजले की येतो 21 ऑगस्ट. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत दार उघडं. उशीर झाला तर मोटारीला महिन्याला 500 रुपये जादा, दुचाकीला 300.

मग दिवाळीची रजा गणपतीला वळवली. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, हे आमच्या नशिबाने फार बरं झालं. 22 ला पोचायचं, 7 सप्टेंबरला परत निघायचं. आईला फोनवर सांगितलं तर तिला आधी आनंदच झाला, पण मग हळूच म्हणाली, "म्हणजे दिवाळीला नाही येणार?" तिला काय उत्तर द्यावं ते मला अजून नीट सुचलेलं नाही. गणपतीला गौरी असतात, तू बघ किती छान होईल, असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली.

आता घरी जायच्या आधी इकडून काय काय करता येईल ते सुरू केलं. आणि पहिलाच अडथळा आला तो मोबाइल नंबरचा. वाहन पोर्टलवर कुठलंही काम करायचं तर गाडीच्या नोंदीत असलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. मी गाडीचा नंबर टाकला, एमएच 15 आणि पुढचं सगळं, तर पडद्यावर शेवटचे चार आकडे आले ते ओळखीचेच नव्हते. माझे नाहीत, अण्णांचे नाहीत, आईचेही नाहीत. दोन दिवस डोकं खाजवल्यावर अण्णांनी गाडी घेतानाची जुनी फाइल काढली. शोरूमच्या पावतीवर खाली छापलेला नंबर तोच. पंधरा वर्षांपूर्वी कागद भरताना शोरूमवाल्यांनी माझ्या नंबराच्या जागी स्वतःचा टाकून दिला होता. त्या वेळी ओटीपी वगैरे काही नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. आता अडलं. त्या नंबरवर फोन लावून पाहिला, बंद.

नंबर बदलायची सोय पोर्टलवर आधारच्या मदतीने आहे. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख भरायची आणि आधारवरून ओळख पटवायची. माझं भारतातलं सिम मी चालू ठेवलेलं आहे, दर थोड्या दिवसांनी रिचार्ज करते, म्हणून आधारचा ओटीपी मला रायोंगला बसून मिळाला. (हे सिम बंद पडू देऊ नका. बँक, आधार, गाडी, सगळं त्याच्यावर टांगलेलं असतं.) पण ओळख पटेना. आरसीवर माझं नाव आडनाव आधी, मग माझं, मग अण्णांचं. आधारवर माझं नाव आधी आणि आडनाव शेवटी. माणूस तोच, तीनच शब्द, फक्त क्रम वेगळा. तीन वेळा करून पाहिलं, तीनदा नाव जुळत नाही म्हणून परत. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून नाव आडनावाने सुरू होतं, म्हणजे ही अडचण घरोघरी असणार. ते काम नाशिकला जाऊन करण्यावाचून इलाज नव्हता.

तोवर नंबर प्लेटचं बघितलं. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, सक्तीची झाली आहे आणि ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात. चारचाकीला 745 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 879 रुपये दहा पैसे. पैसे रायोंगहून भरले, बसवायची तारीख घेतली आणि पावती अण्णांना पाठवली. ज्या केंद्रात पाटी बसवायची होती तिथे अण्णांना तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्यांदा पाट्याच आल्या नव्हत्या. दुसऱ्यांदा मागची आली होती, पुढची नव्हती. भर पावसाचे दिवस, आणि दोन्ही वेळा फोनवर आधी "या" म्हणून सांगितलेलं. अण्णा चिडत नाहीत, पण त्या दिवशी फोनवर गप्प होते. मी दीड महिना आधी हे सुरू केलं नसतं तर हीच तिसरी खेप माझ्या पंधरा दिवसांच्या सुट्टीत आली असती.

पाट्या बसल्या मात्र पक्क्या. डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा चकाकता होलोग्रॅम, खाली निळ्या अक्षरांत आयएनडी, आणि त्याखाली लेसरने कोरलेला दहा आकड्यांचा बारीक नंबर, जो बोटाने चाचपला तर लागतो. मागची पाटी अशा कुलपाने बसवतात की ते एकदा दाबलं की उघडत नाही, तोडावंच लागतं. आतून काचेला लावायचं स्टिकर पेट्रोलच्या गाडीला फिकट निळं येतं. अण्णांनी ते अगदी पट्टी लावून सरळ चिकटवलं होतं.

22 ला घरी पोचले. पाऊस होताच, गोदावरीही भरून चाललेली. सोमवारी, 25 ला सकाळीच अण्णा आणि मी पेठ रोडला निघालो. आम्ही राहतो जेल रोडला, म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. द्वारकेला नेहमीसारखी अर्धा तास कोंडी, मग पंचवटीतून पेठ नाका. आरटीओच्या आवारात शिरताना अण्णा म्हणाले, "तुझ्या लायसनला आलो होतो तेव्हा झाडाखाली उभं केलं होतं मला चार तास." मला ते आठवतही नव्हतं.

नंबर बदलायचा अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहून नेला होता. गाडीचा क्रमांक, जुना मोबाइल, नवा मोबाइल, नावाचा क्रम वेगळा का दिसतो त्याची दोन ओळींत माहिती. सोबत आरसी, आधार, पॅन आणि पासपोर्टच्या सही केलेल्या प्रती. खिडकीवरच्या बाईंनी आरसी आणि आधार शेजारी शेजारी धरून वाचलं. "नाव उलटं आहे ना? असे रोज येतात," म्हणाल्या, आणि मूळ कागद बघून घेतले. संध्याकाळी पोर्टलवर पाहिलं तर शेवटचे चार आकडे माझे होते. ओटीपी आल्याचा असा आनंद मला त्याआधी कधी झाला नसेल.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर अर्ज भरला. नूतनीकरणाचं शुल्क मोटारीला 5,000 रुपये, दुचाकीला 1,000. हे दर एप्रिल 2022 पासूनचे आहेत. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते 10,000 केलं, पण आमची पंधराचीच असल्याने त्यात बसत नव्हती. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, तेव्हा पेट्रोलच्या मोटारीला पाच वर्षांचे 3,000. डिझेलला 3,500 आणि दुचाकीला 2,000. पंधरा वर्षांत कर म्हणून काही भरावं लागलं नव्हतं, आता हे एकदम. शिवाय स्मार्ट कार्ड आणि टपालाचे थोडे. जुनं एक ई-चलानही निघालं, कॉलेज रोडला चुकीच्या जागी गाडी लावल्याचं. काम अडू नये म्हणून तेही भरून टाकलं. अण्णा म्हणाले, "औषध आणायला थांबलो होतो, पाच मिनिटं." मी म्हटलं असू दे.

पैसे भरताना मात्र पोटात गोळा आला. बँकेतून आठ हजारांवर रक्कम वजा झाल्याचा मेसेज आला आणि पोर्टलवर चक्र फिरत राहिलं. पावती नाही. अण्णा शेजारी बसून म्हणायला लागले, पुन्हा भर, पुन्हा भर. पुन्हा भरायचे नाहीत. पोर्टलवर राहिलेले व्यवहार तपासायची एक वेगळी जागा आहे, तिथे अर्ज क्रमांक टाकून थांबायचं. मी त्या रात्री दोनदा पाहिलं, काही नाही. सकाळी चहा घेताना पाहिलं तर पावती तयार. घाईने दुसऱ्यांदा भरले असते तर ते परत मिळवायला मी रायोंगहून किती दिवस पत्रं लिहीत बसले असते कोण जाणे. तपासणीची तारीख घेतली 3 सप्टेंबरची, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची.

मधले दिवस गणपतीचे होते, त्याबद्दल इथे लिहीत नाही. फक्त एवढंच की गणपती त्या गाडीतूनच आला, आईच्या मांडीवर, आणि अण्णांनी चौक ओलांडताना एकदाही हॉर्न वाजवला नाही.

2 तारखेला संध्याकाळी, गौरी-गणपती पोचवून आल्यावर, चेसिसचा ठसा घ्यायचं काम उरलं होतं. अर्जासोबत चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लावावा लागतो. बाहेर कुणीही पन्नास-शंभर रुपयांत घेऊन देतं, पण अण्णांना ते स्वतः करायचं होतं. त्यांनी बॉनेट उघडून काठी लावली. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर सतरा अक्षरं-आकडे कोरलेले असतात. पंधरा वर्षांचा तेलकट काळा थर त्यावर बसला होता. आधी रॉकेलच्या फडक्याने पुसलं, मग जुन्या टूथब्रशने खाचा मोकळ्या केल्या, मग कोरड्या कापडाने. मी मोबाइलचा उजेड धरून उभी. त्यांनी पातळ कागदाची पट्टी वर ठेवली, दोन्ही टोकं चिकटपट्टीने दाबली आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलके हलके घासायला सुरुवात केली. काळसर रंगात एकेक अक्षर पांढरं उमटत गेलं. चौदावा आकडा नीट येईना. आठ आहे की तीन, कळत नव्हतं, कारण तिथे गंज धरला होता.

अण्णा नोट प्रेसमध्ये तपासणीला होते, एकतीस वर्षं. छापलेल्या कागदावर नंबराची एक रेघ पुसट असली तरी ती त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आठ आहे. पण असा द्यायचा नाही. बघणाऱ्याने का ओळखायचं?" पुन्हा ब्रश, पुन्हा फडकं, नवी पट्टी. तिसऱ्या पट्टीवर आठ पूर्ण उमटला, दोन्ही पोकळ्यांसकट. आरसीवरचा नंबर मी मोठ्याने वाचला आणि ते पट्टीवर बोट ठेवत पुढे सरकत गेले, सतरा. त्यांच्या बोटांना काळं लागलं होतं आणि चेहरा असा होता की मला एकदम लहानपणची त्यांची ड्युटीवरून येण्याची वेळ आठवली. आई आतून ओरडत होती, जेवायला या, आमटी गार झाली.

3 तारखेला सकाळी आठलाच निघालो. पीयूसी आदल्या आठवड्यात नवी काढली होती, कारण जुनी संपून गेली होती. विमा 20 ऑक्टोबरपर्यंतचा होता. मूळ आरसी, विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, पोर्टलवरून छापलेला नमुना 25, पावती आणि ठशाची पट्टी, सगळं एका फाइलीत क्रमाने लावलं. गाडी अण्णांनीच चालवली, मी मागितली नाही.

निरीक्षकांनी आधी फाइल पाहिली, मग गाडीभोवती एक फेरी मारली. पाट्या बघितल्या, काचेवरचं स्टिकर बघितलं. बॉनेट उघडायला लावलं आणि ठशाची पट्टी कोरलेल्या नंबराशेजारी धरून एकेक आकडा जुळवला. मग दिवे, वळणाचे दिवे, ब्रेकचा दिवा, हॉर्न, वायपर, हातब्रेक, सीटबेल्ट. टायरवर वाकून खोली बघितली. मागचा डावा इंडिकेटर लागला नाही. माझ्या काळजात धस्स झालं, चार दिवसांत माझं विमान होतं. अण्णा शांतपणे उतरले, मागे गेले आणि दिव्याच्या काचेवर तळहाताने एक थाप मारली. लागला. निरीक्षक म्हणाले, "काका, बल्ब बदलून आणा, दहा मिनिटांत येतो मी." आवाराबाहेर समोरच सुट्या भागांचं दुकान आहे. बल्ब आणला, बसवला, दाखवला. त्यांनी सही केली.

सही करताना त्यांनी विचारलं, गाडी कुणाच्या नावावर? मी पुढे झाले. मी बाहेर असते, हे चालवतात, असं सांगितल्यावर म्हणाले, बरं केलंत आधी आलात, दिवाळीनंतर मुदत संपलेल्यांची रांग लागते. नियमात अर्ज मालकाने किंवा त्याच्या वतीने करायची मुभा आहे, म्हणजे ज्यांना येणं शक्यच नाही त्यांनी सही केलेला अर्ज आणि अधिकारपत्र घरच्यांकडे आधीच पाठवून ठेवावं. गाडी मात्र समोर न्यावीच लागते आणि तिच्यासोबत कुणीतरी उभं राहावं लागतं. ते कुणीतरी माझ्या घरी चौऱ्याहत्तर वर्षांचं आहे, म्हणून मी आले. शेजारच्या काकांनी एजंटचा नंबर दिला होता. तो माणूस वाईट नसेल. पण नंबर चुकलेला, नाव उलटं, पाटीचं बाकी, एवढं सगळं एजंटच्या हवाली केलं असतं तर फोनवर उत्तरं द्यायला अण्णाच सापडले असते.

7 ला मी परत निघाले. समृद्धीवरून इगतपुरीपासून आमणेपर्यंत आता सरळ जाता येतं, त्यामुळे कसाऱ्याचा घाट टळला आणि मी विमानतळाला दोन तास आधीच पोचले. तिथे खुर्चीत बसून सरकारी कागदपत्रांचं डिजिलॉकर ॲप उघडलं. आदल्या दिवशीपर्यंत जुनीच तारीख दिसत होती. आता तिथे वर्ष 2030 होतं. मी लगेच अण्णांना चित्र पाठवलं आणि वर लिहिलं, कार्ड टपालाने येईल, तोवर हे दाखवलं तरी चालतं, पोलिसांना हे मान्य करावंच लागतं. त्यांचं उत्तर आलं, "ठीक. पोचल्यावर कळव."

कार्ड सप्टेंबरअखेरीला घरी आलं. ते आलं त्या दिवशीही अण्णांनी फोटो पाठवला, या वेळी अंगठा नव्हता. गाडी सोफ्यावरच्या चादरीसारखी जपतात ते, पण बल्ब बदलल्यापासून दर रविवारी सगळे दिवे लावून बघतात, असं आई सांगते.

दिवाळीला मी नव्हते. लक्ष्मीपूजनाला आईने व्हिडिओ कॉल लावून फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. अंगणात गाडीला झेंडूची माळ घातलेली दिसली. आईची स्कूटर तिच्या शेजारी उभी होती, तिलाही एक छोटी माळ. मी विचारलं, अण्णा, स्कूटर कधीची? ते आत गेले, कागद घेऊन आले, चष्मा लावला. नोंदणी 9 मार्च 2012. म्हणजे मुदत 8 मार्च 2027, आणि साठ दिवस मागे गेलं की 7 जानेवारी. त्यांनी लगेच कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. मी इकडे कंपनीत जानेवारी 2027 ची रजा आत्ताच सांगून ठेवली आहे. आणि स्कूटरच्या नोंदीत मोबाइल कुणाचा आहे ते दुसऱ्या दिवशी तपासलं. अण्णांचाच आहे.